पंपाची नाडी आणि पाच व्होल्टची चिप



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, बांधणी आणि खताचे हप्ते यांवर लिहावे, ही आपली अपेक्षा रास्तच आहे. या अंकात मात्र आम्ही दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या एका पितळी चकतीवर लिहिणार आहोत. चकतीची किंमत वीस-तीस रुपये. ती नीट जोडली तर मोटार जळण्याआधी सूचना मिळते. चुकीची जोडली तर बोर्ड जळतो, आणि फारच चुकीची जोडली तर माणसाच्या जिवाशी गाठ पडते. हे तिन्ही प्रकार आमच्या गटात एका वर्षात घडले. त्यातला एक तर आमच्याच हातून घडला. म्हणून हा लेखनप्रपंच.

बारा दिवस कोरडे

कृष्णाकाठच्या एका गावी अकरा घरांची मिळून नदीवर एक मोटार आहे. २०२४ च्या मे महिन्यात रात्रपाळीची लाईट होती. लाईट आली, ऑटो स्विचने मोटार सुरू झाली, आणि पहाटे कधीतरी बेअरिंग जाम होऊन वाइंडिंग जळाले. बेअरिंग त्या आधी आठ-दहा दिवस घरघरत होते म्हणे. पण रात्री नदीवर ते ऐकायला बसतो कोण? उन्हाळ्यात रिवाइंडिंगवाल्याकडे आधीच मोटारींची रांग. मोटार परत येऊन बसेपर्यंत बारा दिवस गेले. मोठ्या बांधणीला आलेला सुरू ऊस, वर वैशाखाचे ऊन. पाने सुरळी होऊन उभी राहिली. आम्ही प्लॉट पाहायला गेलो तेव्हा त्या अकरा घरांतले थोरले, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते बांधावर बसून होते. “साहेब, खताचं सांगू नका आता. पाणी सांगा,” एवढंच ते बोलले.

आबांचा धाकटा मुलगा तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेला आहे. तो आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, मोटार जळायच्या आधी थरथरते. ती थरथर मोजणारं काही बसवलं, तर आपल्याला फोनवर कळंल.” पोराचे म्हणणे बरोबर होते. बेअरिंग सुकले, कपलिंगचे रबर झिजले, फाउंडेशनचा बोल्ट ढिला झाला किंवा फुटव्हॉल्व्ह तुंबून पंपात पोकळी धरली, की आधी थरथर वाढते आणि मग बिघाड होतो. वैद्य नाडी पाहतो, तसाच हा प्रकार.

साखरेचा आणि या चकतीचा संबंध

ही चकती म्हणजे पीझो सेन्सर. मराठीत दाबविद्युत म्हणता येईल. पितळेच्या पातळ चकतीवर पांढऱ्या सिरॅमिकचा थर असतो. त्यावर दाब आला किंवा चकती वाकली, की तिच्या दोन बाजूंना विद्युतभार तयार होतो. बॅटरी नको, काही नको. थरथर हाच तिचा खुराक.

हा गुण १८८० साली फ्रान्समध्ये जाक आणि पिएर क्यूरी या दोघा भावांनी दाखवून दिला. त्यांनी जे स्फटिक दाबून पाहिले त्यांत क्वार्ट्झ होते, टुर्मलीन होते, आणि सभासदांना ऐकून नवल वाटेल, उसाच्या साखरेचा स्फटिकही होता! म्हणजे आपल्या पोत्यात भरला जाणारा दाणादेखील दाबला की अगदी सूक्ष्म वीज देतो. याच्या उलटही घडते, म्हणजे वीज दिली की स्फटिक किंचित आकार बदलतो, हे १८८१ मध्ये लिपमन यांनी गणिताने सांगितले आणि क्यूरी बंधूंनी ते प्रयोगाने पडताळले. पहिल्या महायुद्धात लांजव्हँ यांनी क्वार्ट्झ वापरून पाण्याखालच्या पाणबुड्या आवाजाने शोधण्याची तजवीज केली. आज बाजारात मिळणाऱ्या चकतीत साखर किंवा क्वार्ट्झ नसून लेड झिर्कोनेट टायटॅनेट नावाचे सिरॅमिक असते. त्यात शिसे आहे. तेव्हा ते खरवडू नये, पोरांच्या तोंडात जाऊ देऊ नये, आणि काम झाल्यावर हात धुवावेत.

घरात याचा दाखला रोज मिळतो. गॅस पेटवायचा ‘टिक’ वाजणारा लायटर पाहा. त्यात सेल नसतो. आतला छोटा हातोडा दाबविद्युत दांडीवर आपटतो आणि ठिणगी उडते. हवेत ठिणगी उडायला हजारो व्होल्ट लागतात. एवढे लक्षात ठेवले तर पुढचा सगळा लेख समजला म्हणून समजा.

चिप का जळते

मायक्रोकंट्रोलर म्हणजे बोटाच्या पेराएवढा हिशेबनीस. आर्डुइनो उनो नावाचा बोर्ड शिकाऊ मुले वापरतात, त्यावर अशी चिप असते. तिच्या पिनेवर शून्य ते पाच व्होल्टपर्यंतचा दाब ती १,०२४ पायऱ्यांत मोजते. म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. काम मोठे बारीक, पण सहनशक्ती तेवढीच. तिच्या पिनेवर शून्याखाली अर्ध्या व्होल्टहून जास्त, किंवा पुरवठ्याच्या वर अर्ध्या व्होल्टहून जास्त दाब येता कामा नये. ३.३ व्होल्टवर चालणारे बोर्ड तर आणखी नाजूक.

आता चकतीकडे पाहा. बोटाने हळू टिचकी मारली तरी ती काही व्होल्ट देते. कठीण वस्तूचा घाव बसला, की कित्येक दहा व्होल्ट, प्रसंगी शंभराच्या घरात उसळी मारते. दुसरे म्हणजे ती दोन्ही दिशांना वीज देते. एका बाजूला वाकली की अधिक, सुटून परत आली की उणे. उणे दाब चिपला चालत नाही. आणि तिसरे, ही चकती कपॅसिटरसारखी भार धरून ठेवते. उन्हात तापली किंवा सोल्डरिंगची इस्त्री लागली तरी तिच्यात भार साचतो. नुसती कपाटातून काढून जोडली, तरी पहिला झटका चिपला बसू शकतो.

चकतीतली एकूण ऊर्जा अगदी थोडी असते हे खरे. माणसाला ती जाणवणारही नाही. चिपच्या आत संरक्षणाचे छोटे डायोड असतात, ते एखाददुसरा झटका सोसतातही. पण रोज झटके खाऊन किंवा एकाच मोठ्या घावाने पिन निकामी होते. भरवशाचा बांध नसताना पाटाचे पाणी सोडावे, तशातला हा प्रकार.

आमच्या हातून झालेली चूक

पोराने पहिली जोडणी जूनमध्ये घरी केली. चकतीची एक वायर ग्राउंडला, दुसरी थेट पिनेवर. टेबलावर टकटक केले की आकडे नाचायचे. दोन दिवस सारे झकास चालले. तिसऱ्या दिवसापासून टकटक करा की नको, आकडा एकच, १०२३. पिन गेली होती.

दुसरा बोर्ड घेऊन तो आमच्या गट ऑफिसात दाखवायला आला. आमची पदविका शेतीची. विजेच्या बाबतीत आमचे ज्ञान फ्यूज बदलण्यापुरते. तरी अधिकारी म्हटल्यावर हात लावल्याशिवाय राहवते का? “बघू तरी जोरात मारल्यावर किती दाखवतो,” म्हणून आम्ही टेबलावरचा लोखंडी पेपरवेट उचलून चकतीवर आपटला. आकडा एकदम वर गेला आणि तिथेच बसला. पोरगं काही बोललं नाही. आमचं तोंड मात्र उतरलं. घरी आबांनी त्याला विचारले, “आता हा कुणी जाळला?” तर त्याने आमचे नाव सांगितले नाही. ही गोष्ट आम्हाला पुढे दोन महिन्यांनी कळली. बोर्डाचे पैसे आम्ही भरून दिले, पण आबांचा विश्वास उडाला होता. “शेकडो रुपये घालून खेळणी जाळताय. मोटारीला हात लावायचा नाही,” असे त्यांनी बजावले.

तिसरा बोर्ड

पुराच्या दिवसांत काठावरची मोटार वर काढून ठेवतात, हे नदीकाठच्या सभासदांना सांगायला नको. ऑक्टोबरमध्ये मोटार पुन्हा खाली बसली. आबांचे मन वळवून पोराने तिसरा बोर्ड नेला. चकतीची पितळी बाजू बेअरिंगजवळ थेट लोखंडावर चिकटवली. बोर्ड लॅपटॉपला, लॅपटॉपचा चार्जर शेडमधल्या थ्री-पिनला. मोटार सुरू केली मात्र, फट् असा आवाज, धूर, आणि बोर्ड काळा.

या वेळी मात्र चकतीचा दोष नव्हता. पोराने शहाणपणा केला. पुन्हा हात न लावता मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनला बोलावले. तपासणीत निघाले ते ऐकून आमच्या अंगावर काटा आला. वर काढून ठेवलेल्या मोटारीत ओल शिरून वाइंडिंगचे इन्सुलेशन कमजोर झाले होते आणि बॉडीवर करंट उतरत होता. भरीस भर, परत बसवताना अर्थिंगची वायर जोडायची राहून गेली होती. थ्री-पिनचे अर्थिंग वेगळ्या खड्ड्यात शाबूत होते. बॉडीवरच्या करंटला दुसरी वाट नव्हती. तो पितळी चकतीतून, बोर्डातून, लॅपटॉपच्या अर्थिंगकडे गेला.

रोज सकाळी पंपात पाणी भरायला आबा स्वतः जायचे, चिखलात, कधी अनवाणी. “दोन दिवस हाताला मुंग्या आल्यासारखं वाटत होतं. म्हटलं ओलीनं असंल,” ते म्हणाले. मग बराच वेळ कोणी काही बोलले नाही. त्या जळक्या बोर्डाने त्या दिवशी काय वाचवले, ते सगळ्यांना कळले होते. लॅपटॉपही गेला, पण त्याबद्दल आबांनी शब्द काढला नाही.

वायरमनने वाइंडिंग सुकवून, मेगरने तपासून, अर्थिंग नव्याने करून दिले. शिवाय ३० मिलिअँपिअरला तुटणारा अर्थ लीकेज ब्रेकर शेडमधल्या थ्री-पिनच्या लाईनवर बसवला. हा सगळा उपद्व्याप आधी, सेन्सर नंतर, हे सभासदांनी मनावर घ्यावे.

जोडणी कशी करावी

त्यानंतर पोराने त्याच्या शिक्षकांना विचारून जी जोडणी केली, ती पुढे देत आहोत. ती पाच व्होल्टच्या बोर्डासाठी आहे. घरातील शिकणाऱ्या मुलामुलींनी हा भाग कापून ठेवावा.

एक. चकतीच्या दोन वायरींमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर जोडावा. त्यावर तपकिरी, काळा, हिरवा असे पट्टे असतात. साचलेला भार याच्यातून झिरपून जातो. शेताच्या कडेचा चर जसा, तसा हा. सुमारे २० नॅनोफॅराडच्या चकतीबरोबर १ मेगाओहम घेतला, की ८ हर्ट्झच्या वरची थरथर नीट मिळते.

दोन. पाच व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडावेत. त्यांच्या मधल्या सांध्यावर अडीच व्होल्ट मिळतात. तो सांधा आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर लावावा, अधिक टोक सांध्याकडे. चकतीची एक वायर या सांध्याला जोडावी. मग थरथर अडीच व्होल्टच्या वर-खाली होते आणि शून्याखाली जात नाही. मोटार बंद असताना आकडा ५१२ च्या आसपास दिसला पाहिजे.

तीन. चकतीची दुसरी वायर थेट पिनेवर न नेता १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून न्यावी. त्याचे पट्टे तपकिरी, काळा, नारिंगी. शंभर व्होल्टची उसळी आली तरी यातून सुमारे दहा मिलिअँपिअरच पुढे जातात. हा पाण्याचा जोर तोडणारा अडसर.

चार. त्या रेझिस्टरच्या पुढच्या टोकाला शॉट्की जातीचे दोन डायोड लावावेत. बीएटी ८५ नावाचे चालतात. पहिल्याची पट्टीची बाजू पाच व्होल्टला, दुसरी बाजू सांध्याला. दुसऱ्या डायोडची पट्टीची बाजू सांध्याला, दुसरी बाजू ग्राउंडला. दाब पाचाच्या वर जाऊ लागला की पहिला उघडतो, शून्याखाली जाऊ लागला की दुसरा. कालव्याच्या दोन सांडव्यांसारखे हे काम. साधा सिलिकॉन डायोड सुमारे ०.७ व्होल्टला उघडतो, म्हणजे चिपची मर्यादा ओलांडल्यावर. म्हणून शॉट्कीच घ्यावेत.

पाच. डायोडच्या सांध्यापासून पिनेपर्यंत आणखी १ किलोओहमचा रेझिस्टर घालावा. पट्टे तपकिरी, काळा, लाल. सांडव्यावरून थोडे उडालेच, तर चिपच्या आतल्या डायोडला ते झेपते.

काही ठिकाणी दोन डायोडऐवजी एकच झेनर डायोड सुचवतात. तो झटका अडवतो, पण कमी व्होल्टचे झेनर ठरलेल्या दाबाच्या आधीच थोडे गळू लागतात. १ मेगाओहमच्या जोडणीत तेवढ्या गळतीनेही ५१२ चा आकडा खाली सरकतो. नुसती टकटक ओळखायची असेल तर झेनर ठीक. मोटारीची थरथर मोजायला आमच्या पोराला शॉट्कीच बरे पडले.

सर्व काही जोडल्यावरही चिपला चकती लावण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. चकतीच्या दोन्ही वायरी क्षणभर एकमेकींना टेकवून साचलेला भार काढून टाकावा. आणि मल्टिमीटरने अडीच व्होल्टचा सांधा तपासावा. मग नखाने टिचकी मारून पाहावी. पेपरवेट लांब ठेवावा!

वायरी जोडताना सोल्डरिंग झटपट उरकावे. सिरॅमिक फार तापले तर त्याचा दाबविद्युत गुणच जातो आणि चकती नुसती पितळेची राहते.

मोटारीवर बसवताना

मोटारीची बॉडी आणि चकती यांचा विजेचा संबंध कधीही येता कामा नये. रंग खरवडून, जागा पुसून, तिथे रिवाइंडिंगवाल्याकडचा इन्सुलेशन पेपर आधी कडक चिकटद्रवाने बसवावा. त्यावर चकती. खाली मऊ रबर किंवा फोमची टेप घालू नये, कारण थरथर त्यातच जिरते. चिकटद्रव पूर्ण वाळल्यावर मल्टिमीटर सर्वांत वरच्या ओहम रेंजवर ठेवून चकती आणि बॉडी यांच्यामध्ये तपासावे. काटा किंवा आकडा हलला, तर काढून पुन्हा बसवावे. तरीही हा कागद म्हणजे अर्थिंगला पर्याय नव्हे. बॉडीचे अर्थिंग पक्के असल्याचे वायरमनने सांगितल्याखेरीज काम सुरूच करू नये. हे सारे मेन स्विच बंद ठेवून, फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवून करावे. ऑटो स्विच असेल तर विशेष जपावे, कारण लाईट कधी येईल त्याचा नेम नसतो.

वायर माइकला वापरतात तसली शिल्डेड घ्यावी. तिची जाळी फक्त बोर्डाच्या ग्राउंडला जोडावी, मोटारीच्या टोकाला मोकळी ठेवावी. मोटारीच्या केबलशेजारून ती नेऊ नये. हलणारी वायर खोटे आकडे देते, तेव्हा क्लिपने पक्की बांधावी.

आकडे कसे वाचावेत

दोन पोलची मोटार मिनिटाला सुमारे २,८८० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ४८. चार पोलची सुमारे १,४४०, म्हणजे सेकंदाला २४. त्या फेऱ्यांची थरथर तेवढ्याच हर्ट्झची येते. लाईटची स्वतःची गुणगुण ५० हर्ट्झची आहे, ती वायरीतून घुसते. शिल्डेड वायरीचा आग्रह त्यासाठी.

बोर्डाने सेकंदाला हजार वेळा वाचन करावे. एका सेकंदाची सरासरी काढून ती प्रत्येक वाचनातून वजा करावी. उरलेल्या आकड्यांचे वर्ग करून, त्यांची सरासरी काढून, वर्गमूळ घ्यावे. जो आकडा येतो तो त्या सेकंदाची थरथर. ही चकती काही प्रयोगशाळेचे मोजमाप देत नाही. एका मोटारीचा आकडा दुसरीशी लावू नये. मोटार ठणठणीत असताना आठवडाभर आकडे वहीत लिहावेत. तोच तिचा निरोगी आकडा. पुढे तो दुप्पट झाला आणि दहा सेकंद दुप्पटच राहिला, तर सूचना द्यावी. सुरू होतानाचे अर्धे मिनिट सोडून द्यावे.

आकडा वारंवार ० किंवा १०२३ ला टेकत असेल, तर थरथर जास्त म्हणून लगेच घाबरू नये. चकतीचा आवाजच मोठा असेल. तेव्हा चकतीच्या दोन वायरींमध्ये १०० नॅनोफॅराडचा फिल्म कपॅसिटर जोडावा. त्याच्यावर १०४ असे छापलेले असते. चकतीचा भार मग २० ऐवजी १२० नॅनोफॅराडवर पसरतो आणि दाब सहाव्या हिश्शावर येतो. झटक्याची उसळीही तेवढीच कमी होते. एका दगडात दोन पक्षी.

मोटार आपोआप बंद करण्याच्या मोहाबद्दल

पोरांना पुढची पायरी लगेच सुचते. सूचना कशाला, बोर्डानेच मोटार बंद करावी! इथे आम्ही हात जोडून सांगतो. बाजारात बोर्डाला जोडायचे जे छोटे निळे रिले मिळतात, त्यांवर २५० व्होल्ट लिहिलेले असते. आपल्या थ्री-फेज स्टार्टरमधली नो-व्होल्ट कॉइल बहुधा दोन फेजांमध्ये, ४१५ व्होल्टवर चालते. तिथे तो रिले लावणे म्हणजे एक्क्याच्या बैलाला उसाची ट्रॉली जुंपणे. त्यासाठी योग्य दर्जाचा रिले किंवा कॉन्टॅक्टर परवानाधारक वायरमनकडूनच बसवावा. तोवर भोंगा, लाल दिवा किंवा फोनवरचा निरोप पुरेसा आहे.

फळ काय मिळाले

२०२५ च्या फेब्रुवारीत एका रात्री त्या मोटारीचा आकडा दुपटीवर गेला आणि अकराही घरांचे फोन वाजले. आबा आणि दोघे-तिघे बॅटरी घेऊन नदीवर गेले, मोटार बंद केली. सकाळी पाहिले तर कपलिंगचे रबर झिजून तुकडे पडले होते. तालुक्याहून नवे रबर आणून बसवले, आणि दुपारच्या पाळीला पाणी सुरू झाले. मागल्या वर्षीचे बारा दिवस कुठे आणि हा अर्धा दिवस कुठे.

परवा आम्ही त्या प्लॉटवर खोडव्याची पाहणी करायला गेलो. आबांनी चहा सांगितला आणि शेडमध्ये नेऊन बोर्डाची डबी दाखवली. वर त्यांनीच खडूने लिहिले होते, “आधी अर्थिंग बघा.” मग हळूच म्हणाले, “साहेब, दुसरा बोर्ड तुम्ही जाळलात, व्हय?” आम्ही मान डोलावली. “पोरानं सांगितलं नव्हतं मला. तुमच्या शिपायानं सांगितलं.”

ज्या सभासदांना ही जोडणी प्रत्यक्ष पाहायची असेल, त्यांनी बाजाराच्या दिवशी गट ऑफिसात यावे. चकती, डायोड, रेझिस्टर मांडून ठेवले आहेत. येताना घरातल्या शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला बरोबर आणावे, आणि येण्याआधी आपापल्या मोटारीची अर्थिंगची वायर जोडलेली आहे का, एवढे वायरमनकडून तपासून यावे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते